रिकामं खाचर

हिर्डोशीहून भोरला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. खिडकीशी तिचा तरणा मुलगा पेंगत होता. त्याचं डोकं गजावर आपटू नये म्हणून तिनं मध्ये तळहात धरला होता.

"डॉक्टर स्किझोफ्रेनिया म्हणत्यात. कानात आवाज येत्यात याला. गोळीनं थांबत्यात, पर झोप लई येती. म्हणून लावणी आली की आमीच गोळी बंद करायचो. भात लागायचा, अन् ह्यो परत मेंटल हॉस्पिटलात."

"मग यंदा?"

"औंदा गोळी चालू ठिवली. एकलीच्यानं लावणी होत न्हाई, मग लावलंच न्हाई."

बाहेर सगळी खाचरं हिरवीगार होती. मधलं एकच नुसत्या चिखलाचं होतं. नवं घर दाखवावं तसं तिनं ते मला बोटानं दाखवलं.