गोजाबाईची आगबोट

भवानी पेठेतली गोजाबाई आगबोटीत बसून कराचीला गेली, ही गोष्ट पेठेला खरी वाटायलाच पुष्कळ दिवस लागले. सोलापूरच्या माणसानं पाणी बघायचं ते आडात नाहीतर तळ्यात, तेही पाऊस झाला असेल तर. समुद्र ही मुंबईच्या लोकांनी उठवलेली आवई असावी, असं मानणारी माणसं तेव्हा पेठेत होती, आणि गोजाबाई त्यांच्यातलीच एक. धनगराघरची लेक, लहानपण मेंढरांमागं माळावर गेलेलं. लग्नानंतर शहरात आली. नवरा धुळाप्पा घोंगड्या विणायचा, ही लोकर कातून द्यायची. धुळाप्पा गेला तसा माग थांबला. गोजाबाई कातत राहिली, कारण हात रिकामे ठेवले की घर अंगावर यायचं.

एकुलती एक लेक, मायाक्का. ती ज्ञानूला दिलेली. ज्ञानू कराचीच्या गोदीत कामाला लागला आणि बिऱ्हाड घेऊन तिकडेच राहिला. लग्नाला वर्षं उलटली, तरी मायाक्काच्या घरी पाळणा हलला नाही. आणि सगळी अडचण इथंच होती. लेकीला मूल होईतो आईबापांनी तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही गोजाबाईच्या घराण्यात चालत आलेली रीत. ती कुणी घातली ते विचारू नका. ज्यानं घातली त्याची लेक शेजारच्या गल्लीत दिलेली असणार. तहान लागली की उठून आपल्या घरी यायचं, घटाघटा पाणी प्यायचं आणि पुन्हा लेकीकडं जाऊन बसायचं. कराचीहून भवानी पेठेत पाणी प्यायला कोण येणार?

म्हणून गोजाबाई कधी गेलीच नाही. मायाक्का एकदा माहेराला आली होती, तेव्हा स्टेशनावर निरोप घेताना तिनं विचारलं होतं, "आये, तू कदी यायचीस माज्याकडं?"

"तुजी कूस उजवू दे, मग येती की," गोजाबाई म्हणाली. तोंडावरून हात फिरवत, अगदी मायेनं म्हणाली. पण त्यानंतर मायाक्का माहेराला आली नाही. आपण लेकीला काय बोलून बसलो, हे गोजाबाईला गाडी गेल्यावर बऱ्याच काळानं कळलं, आणि कळलं तेव्हापासून तिची झोप मोडली ती मोडलीच.

अशात कुंडलिक आला. हा ज्ञानूचा गोदीतला सोबती, माढ्याकडचा. कराचीची नोकरी सोडून कायमचा गावी निघालेला. वाटेत गोजाबाईच्या ओट्यावर टेकला.

"मावशे, मायाक्का लई गप झालीया," तो म्हणाला. "कुनाशी बोलत न्हाय. सांजच्याला दारात बसती आन बंदराकडं बगत ऱ्हाती. कुनाची वाट बगतीस म्हनून इचारलं, तर म्हनती, कुनाची न्हाय."

गोजाबाईच्या हातातला धागा तुटला. तिनं तो पुन्हा जोडला नाही. "मला जायाचं हाय," ती म्हणाली.

हे तिच्या नणंदेला, केराबाईला कळायला कितीसा वेळ? केराबाई म्हणजे घराण्याच्या रीतीभातींची पहारेकरीण. तिचं स्वतःचं घर मुलानातवंडांनी गजबजलेलं, त्यामुळं तिला रीत पाळणं फार सोपं जायचं. ती आली, उंबऱ्यातच उभी राहिली आणि म्हणाली, "वैनी, जायाचं तर जा. पर तितं पान्याचा थेंब तोंडात घालू नगंस. घातलास तर पोरीला जल्मात लेकरू व्हायचं न्हाय, सांगून ठेवती."

स्वतःला पाप लागेल याची तिला फिकीर नव्हती. पण लेकीची उरलीसुरली आशा आपल्या घशाखाली उतरायची, ही भीती फार मोठी होती. रात्रंदिवस विचार करून तिनं तोड काढली. आपलं पाणी आपण न्यायचं! तांब्याची कळशी घासूनपुसून लख्ख केली, आडाच्या पाण्यानं भरायची आणि तोंडाला फडकं आवळून बांधायचं ठरवलं. जपून घोट घोट पिऊन लेकीजवळ चार दिवस काढता येतील असा तिचा हिशेब. आता सोलापुराहून सिंधपर्यंत पाणी वाहून नेणारी बाई बघून कुणीही हसेल. पण तिला ते हसण्यासारखं वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत नाही.

जायचं कसं, हा पुढचा प्रश्न. कुंडलिकनं सगळे मार्ग मांडले. रेल्वेनं जावं तर मारवाडातून, गाड्या बदलत बदलत. लिहितावाचता न येणारी एकटी बाई, मराठी आणि थोडं कानडी सोडून तिसरी भाषा नाही. मधल्याच कुठल्या स्टेशनावर राहिली तर शोधायचं कुठं? त्यापेक्षा मुंबईला बोट धरावी. एकदा बसायचं, एकदा उतरायचं. बोटी मात्र दोन तऱ्हेच्या. एक मोठी डाकेची, ती खोल समुद्रातून थेट जाते आणि लवकर पोचवते. दुसरी लहान, ती किनाऱ्या-किनाऱ्यानं बंदरं घेत रमतगमत जाते.

"मोटीतनं जा, मावशे," कुंडलिक म्हणाला.

"मोटीतनं जिमीन दिसती का?"

"न्हाय. नुसतं पानी."

"मग नगं. ल्हानगीच बरी. जिमीन डोळ्याम्होरं असली की मानूस चुकत न्हाय."

माळावर मेंढरं राखताना एखादी टेकडी नजरेत ठेवायची, म्हणजे धुळीवादळातही वाट सापडते, हे तिला बापानं शिकवलेलं. ते माळावर खरंच होतं. लहान बोट मोठीपेक्षा जास्त उसळते, हे मात्र माळावर कुणाला माहीत असणार? कुंडलिकनं समजावून बघितलं, पण गोजाबाई एकदा 'नगं' म्हणाली की संपलं. त्यानं ज्ञानूला कार्ड टाकलं, तिला मुंबईला नेलं आणि धक्क्यावरून बोटीत चढवून दिलं.

बोटीवर जागा निवडायची वेळ आली, तिथंही माळच आडवा आला. कळपाच्या मागं चालणारानं धूळ खायची आणि पुढं चालणारानं मोकळा वारा प्यायचा, हे तिच्या अंगात भिनलेलं. ती माणसं, गाठोडी, कोंबड्यांच्या डालग्या ओलांडत थेट पुढच्या टोकाला गेली. तिथं ऐसपैस रिकामी जागा होती. इतकी चांगली जागा कुणीच कशी घेतली नाही, याचं तिला नवल वाटलं. समुद्रावर धूळ नसते, आणि बोटीचं टोकच सगळ्यात जास्त वरखाली होतं, हे बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं घोंगडी अंथरली, कळशी मांडीशी घेतली आणि समाधानानं बसली.

मुंबई मागं पडेपर्यंत ठीक होतं. पावसाळा नुकताच सरलेला, समुद्राचा राग अजून पुरता उतरला नव्हता. बोट वर उचलली जाई आणि खाली आपटे. गोजाबाईच्या पोटात काहीतरी उलटंपालटं झालं. भूक असेल म्हणून तिनं गाठोडं सोडलं. कडक भाकरी, वर शेंगाची तेलकट चटणी. लसणीच्या त्या वासानं एरवी तिची भूक खवळायची. आज वास आला आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं बाहेर पडलं. मग ओकाऱ्यांना खळ नाही. पिवळं पडलं, हिरवं पडलं, तरी पोट पिळतच राहिलं. जिच्यावरून लेकीचं नाव ठेवलं त्या मायाक्कादेवीचा भंडारा तिनं कपाळाला फासला, जिभेवर ठेवला. देवी बहुधा जमिनीवरच राहत असावी.

किनारा म्हणाल, तर दूरवर एक मळकट रेघ. तीही वर जाई, खाली जाई. जिच्या भरवशावर बोट निवडली ती जमीनच डोळ्यांपुढं नाचत होती.

आजूबाजूला माणसं होती, पण कच्छी, गुजराती, सिंधी. एकमेकांची डोकी दाबत होती, लिंबं चोखत होती, आपापल्या भाषेत कण्हत होती. गोजाबाईला कण्हायलाही सोबत नव्हती. आपण इथं मेलो तर हे लोक आपल्याला पाण्यात सोडतील, आणि आपलं नाव काय होतं हेसुद्धा कुणी सांगू शकणार नाही, असं तिच्या मनात आलं. धुळाप्पा गेला तेव्हाही ती इतकी एकटी नव्हती. तेव्हा निदान चार भिंती ओळखीच्या होत्या. मायाक्का अशीच राहत असेल का? सगळी माणसं भोवती, आणि कण्हायचं ते आतल्या आत?

तोंड कडू जहर झालेलं. बोटीवरचा नळ मधल्या भागात, तिथवर जायची ताकद नाही. शेवटी तिनं कळशीचं फडकं सोडलं. एक चूळ, मग दुसरी. मोठी लाट आली, बोट कलली, हातातून कळशी सुटली. घरंगळत गेली, कठड्याच्या गजांखालून पलीकडं पडली. आवाजसुद्धा आला नाही. एवढ्या पाण्यात तिचं कळशीभर पाणी गेलं, आणि ती पोरासारखी हमसून हमसून रडू लागली.

"बाय, नाळेवर कशाला बसलीस?"

एक म्हातारा खलाशी उभा होता. दाढी पिकलेली, बोली कोकणातली, पण मराठी! नाळ म्हणजे बोटीचं नाक. "हे मरायची जागा. मधी चल," म्हणून त्यानं तिची घोंगडी उचलली, दंडाला धरून तिला बोटीच्या मधोमध आणून आडवी केली. खाली पाण्याकडे बघू नको, दूर आभाळ टेकतं तिथं बघ, म्हणाला. तेलकट काही खाऊ नको, सुकं काय आहे? तिनं कडक भाकरी दाखवली. "हेच खा. थोडं थोडं चाव." मग डब्यातून पाणी आणून तिच्या ओठांना लावलं.

हा मुसलमान आहे, हे गोजाबाईला दिसत होतं. एरवी ती मान फिरवून बसली असती. पण तिनं डबा दोन्ही हातांनी धरला आणि तळ दिसेपर्यंत प्याली. पोट जरा शांत झालं. खलाशी आपल्या कामाला गेला; पुढं कराची येईतो तो येता-जाता पाणी देत राहिला. त्याचं नाव तिनं विचारलंच नाही. मात्र भाकरीचे तुकडे चघळत पडल्या पडल्या एक विचार तिला सोडेना. ज्याचं नाव-गाव ठाऊक नाही त्याचं पाणी चाललं. आणि जिला नऊ महिने पोटात वागवली तिचं चालत नाही?

विचार आला खरा, पण त्यामागून केराबाईचं बोलणंही आलं. घोंगडी तोंडावर ओढली तरी ते थांबेना.

कराचीला ज्ञानू धक्क्यावर आला होता. "आत्या, अवो काय ही दशा!" म्हणत त्यानं तिला टांग्यात घातलं. जमिनीवर पाय टेकला तरी तिला जमीन हलतच होती. ओठ फुटलेले, आणि बोट सोडल्यापासून पाण्याचा थेंब न मिळाल्यानं घसा कोरडा ठाक. सगळी वाट ती कळशीचाच विचार करत होती.

मायाक्का दारात उभी होती. वाळलेली, डोळे खोल गेलेले. आईला बघून ती पुढं आली, पाया पडली आणि शेजारच्या बिऱ्हाडात गेली. परत आली ती झाकलेला तांब्या घेऊन.

"पी, आये," ती म्हणाली. मान खाली. "शेजारनीच्या घरचं हाय. माजं न्हाय."

गोजाबाईचं आतडं तुटलं. आई येणार म्हणून लेकीनं काय तयारी केली, तर शेजारणीकडं पाणी सांगून ठेवलं! स्वतःच्या घरचं पाणी आपल्या आईला द्यायची आपली लायकी नाही, हे ही पोर किती दिवस मनाशी धरून बसली असेल? आणि ते तिच्या मनात घातलं कुणी?

तिनं तो तांब्या घेतला आणि खाली ठेवला. भिंतीला धरत धरत, झोकांड्या खात ती आत गेली. चुलीशेजारी माठ होता. तिनं झाकण काढलं, फुलपात्र बुडवलं.

"आये, नगं!" मायाक्का धावत आली आणि तिनं आईचं मनगट धरलं. "केराआत्या पयल्यापास्नं काय सांगती ठावं हाय न्हवं? नगं की गं, आये!"

"हुयाचं आसंल तर हुईल, न्हायतर न्हाय," गोजाबाई म्हणाली. "माजं लेकरू तर हाय की म्होरं."

मनगटावरचा हात सुटला. गोजाबाई माठाशी टेकून खाली बसली आणि पाणी प्याली. हनुवटीवरून, गळ्यावरून ओघळ गेले. मायाक्का तिच्याकडं बघत उभी राहिली, मग तीही खाली बसली आणि आईच्या मांडीत तोंड खुपसून मोठ्यानं रडली. बाहेर ज्ञानू गाठोडं हातात घेऊन तसाच उभा होता.

कितीतरी वेळानं मायाक्कानं मान वर केली, पदरानं नाक पुसलं आणि रिकामं फुलपात्र आईच्या हातातून काढून घेतलं.

"आनकी देऊ?" तिनं विचारलं.

"दे की," गोजाबाई म्हणाली.