जावेच्या घरचं हलकं पाणी

धाकट्या जावेनं पाणी हलकं करायचं मशीन बसवलं, तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय. इंदापुरात आमची घरं भिंतीला भिंत लागून. नळाची लाइन एकच. पण माझ्या पातेल्यांना पांढरी पुटं चढतात, तिची भांडी लखलखीत. माझी हरभऱ्याची डाळ कुकरात टणटणीत राहते, तिची तीन शिट्ट्यांत मऊ. तेही सोसलं असतं. पण होळीच्या पुरणाचा मान थोरली म्हणून माझा, आणि तिचा नवरा, माझा दीर, मला म्हणाला, "वहिनी, औंदा पुरण आमच्याकडंच शिजवू. डाळ मऊ पडती."

मी तडक नगरपरिषदेच्या टाकीवर गेले. पाणी सोडणाऱ्याला विचारलं, "टाकीतच हलकं करून का सोडत न्हाय रे?"

तो हसला. "आजी, जड पाण्यानं कुणी आजारी पडत न्हाय. नळाचं बरंच पाणी संडासाला, अंगणाला, गाड्या धुवायला जातं. ते कशाला हलकं करायचं? अन् मशीन धुवायला मीठ लागतं. गावाला पोत्यांनी लागंल. ते खारट धुवण सोडू कुठं, तुमच्या रानात?"

वरकुट्याचं आमचं खालचं रान खारवून गेलंय. वर पांढरं फुटतं, ऊस उगवत नाही. मीठ काय करतं ते मला सांगायला नको.

घरी आले तर जावेनं मशीनच्या धुवणाची नळी लिंबाच्या आळ्यात सोडलेली. पाणी वाया जाऊ नये म्हणून. पानं कडेनं करपली होती.

"अक्का, रोज पाणी मिळूनबी वाळतंय बगा," ती म्हणाली.

मला कारण कळलं होतं. "ऊन लय हाय," म्हणून आत गेले. बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

आठ दिवसांत झाडाचा खराटा व्हायला आला. झाड तिचं, पण लोणचं दोन्ही घरांत जातं. शेवटी म्हटलं, "नळी काढ. मिठाचं पाणी हाय ते. साधं नळाचं घाल. अन् पुरण माझ्याच घरी शिजंल."

"व्हय अक्का," म्हणाली, आणि होळीच्या सकाळी हलक्या पाण्याची कळशी माझ्या दारात आणून ठेवली.

परत पाठवायला हवी होती. डाळीकडं बघून ठेवून घेतली. पुरण लोण्यासारखं झालं. पंगतीत दीर म्हणाला, "वहिनी, असं पुरण कधी खाल्लं नव्हतं."

मी तोंड उघडायच्या आत ती वाढता वाढता म्हणाली, "पाणी आमच्याकडचं हाय बरं का."