बर्फाच्या कारखान्यावरचा मोजा

माझी आत्या बर्फ बनवते. हे सांगितलं की लोक हसतात, कारण बर्फ काय, घरच्या फ्रीजमध्येही होतो. पन्नास किलोची एक लादी आतपर्यंत टणक करून दाखवा, मग बोलू. त्याला वीस तास लागतात, थंडगार मिठाच्या पाण्याची एक भलीमोठी टाकी लागते, त्यात बुडवलेले पत्र्याचे तीनशेवीस डबे लागतात आणि एक कॉम्प्रेसर लागतो. आत्याच्या कॉम्प्रेसरचं वय तिच्याएवढंच आहे. ती त्याला ‘म्हातारा’ म्हणते, स्वतःला मात्र कोणी म्हातारी म्हटलेलं तिला खपत नाही.

कारखाना बंदराच्या धक्क्यावर आहे. मासेमारीच्या सोळा बोटी तिच्याकडून बर्फ घेतात. एकेक बोट वीस लाद्या नेते. बर्फाशिवाय बोट समुद्रात गेली तर परत येते ती फक्त वास घेऊन. म्हणून सगळं बंदर तिला आत्याच म्हणतं, तिच्याहून मोठे बोटवालेसुद्धा. बाराही महिने गमबूट आणि स्वेटर घालून ती टाकीच्या लाकडी झाकणांवरून अशी फिरते, जसा एखादा हेडमास्तर परीक्षेच्या वर्गात फिरतो.

कारखाना अर्धा तिचा, अर्धा माझ्या बाबांचा. बाबांना तो विकायचा होता. गाड्यांच्या शोरूमवाला जागेवर डोळा ठेवून होता आणि विजेचं बिल दरवर्षी बाबांच्या बाजूने बोलत होतं. शेवटी दोघा भावंडांत करार झाला. आत्या म्हणाली, “वर्षभर मला माझ्या पद्धतीने चालवू दे. या वर्षात एक जरी बोट बर्फावाचून गेली, तर कागद आण, मी सही करते.”

बाबांनी कागद दुसऱ्याच दिवशी टाइप करून घेतले. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ठेवले. तयारीला ते पहिल्यापासून पक्के.

‘माझ्या पद्धतीने’ म्हणजे खरं तर माझ्या, तिच्या भाचीच्या, पद्धतीने. मी वीज ग्रिडच्या नियंत्रण कक्षात नोकरी करते. बाबांच्या मते तिथे मी दिवसभर एका आकड्याकडे बघत बसते, आणि ते बरोबर आहे. आकडा पन्नास, म्हणजे विजेची सेकंदाला पन्नास आवर्तनं. वीज जितकी बनते तितकीच त्या क्षणी वापरली गेली तर तो पन्नासवर राहतो. वापर वाढला किंवा वीज कमी पडली की तो घसरतो, फार घसरला की सगळा भाग अंधारात. आमच्याकडे टेकड्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्यापासून हा आकडा जरा चंचल झालाय. वारा म्हणजे घरचा जावई आहे. आला की घर उजळतं, पण येणार नसला तर कळवत नाही.

त्याचा फायदा असा, की जावई येतो तेव्हा वीज स्वस्त होते. वाऱ्याला कोळसा लागत नाही. वारा असला की महागडी केंद्रं गप्प बसतात, पडला की तीच केंद्रं मागतील तो दर घेतात. म्हणून आम्ही तासातासाला बदलणाऱ्या दराची योजना काढली. गिऱ्हाइकाने स्वस्त तासात हवी तेवढी वीज वापरावी. बदल्यात एकच अट, आम्ही इशारा दिला की दहा मिनिटांत मशीन बंद.

पहिलं गिऱ्हाईक मी घरातूनच पकडलं.

आत्याला हे इतकं आवडलं की मलाच भीती वाटायला लागली. तिने आजोबांचा गुडघ्यापर्यंतचा लोकरी मोजा काढला, पुढचं टोक कापलं आणि छपरावरच्या काठीला बांधला. मोजा आडवा ताठ, तर वीज स्वस्त. मोजा लोंबकळत, तर म्हाताऱ्याला सुट्टी. फोनवर दर दिसतो हे मी तिला चार वेळा दाखवलं. “फोनची बॅटरी संपते, मोज्याची संपत नाही,” म्हणाली. आणि खरंच, पहिल्या आठ महिन्यांत बिल तिसऱ्या हिश्श्याने उतरलं. मशीन बंद ठेवली तरी टाकीतली थंडी चटकन पळून जात नाही, झाकणांवर पोती टाकली की तर नाहीच. तिने एकही बोट रिकामी पाठवली नाही. बाबांचा फोल्डर कपाटात पिवळा पडत होता.

नवव्या महिन्यात वादळाची बातमी आली. सगळ्या बोटी बंदरात येऊन बांधल्या गेल्या. वादळ एका दिवसाचं होतं. परवा पहाटे सोळाच्या सोळा बोटी एकदम निघणार होत्या, आणि साठ्याच्या खोलीत एकही लादी नव्हती, कारण त्याआधी तीन दिवस पान हललं नव्हतं.

वादळाच्या आदल्या दिवशी दर मध्यम होता. कारखान्याचा मिस्त्री म्हणाला, “आत्या, आजच भरून टाकू डबे.”

“आज कशाला? उद्या एवढं वादळ येतंय. उद्या वीज फुकट.”

मग तिने मला फोन केला. “उद्या वारा किती?”

“ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास. कदाचित वर.”

“मग चांदी आहे आपली!”

मी म्हणाले, “हं.”

वादळाच्या दिवशी सकाळी सहाला तिने तीनशेवीस डबे भरले आणि म्हातारा सुरू केला. दर खरंच जवळजवळ शून्यावर होता. मोजा इतका ताठ, की मिस्त्रीने त्याला नमस्कार केला म्हणे. एकच्या सुमारास मोजा काठीवरून सुटला आणि समुद्राकडे उडून गेला. त्याच वेळी माझ्या समोरचा पवनविजेचा आलेख जिन्यासारखा एकेक पायरी खाली यायला लागला. पन्नासचा आकडा एकोणपन्नास पूर्णांक सातवर आला.

शिफ्टचे साहेब म्हणाले, “यादी काढ. बंद करा म्हणावं सगळ्यांना.”

यादीतलं पहिलं नाव कोणाचं होतं हे सांगायला नको.

“आत्या, मशीन बंद कर.”

“काय बोलतेस? इथे पत्रे उडतायत! एवढा वारा आयुष्यात बघितला नाही मी!”

“म्हणूनच. फार वारा झाला की पाती मोडू नयेत म्हणून पवनचक्क्या आपोआप थांबतात. नव्वदनंतर एकेक करून सगळ्या थांबल्यात. दर बारापट झालाय.”



“हे तुला कधीपासून माहीत आहे?”

“कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून.”

“आणि काल मी चांदी म्हणाले तेव्हा तू काय करत होतीस?”

“जेवत होते.”

यावर ती जे बोलली ते मला उद्देशून होतं की म्हाताऱ्याला, हे मी अजून विचारलेलं नाही. मग म्हणाली, “सात तासच झालेत गं. लाद्यांची नुसती साल धरलीय. नाही केलं बंद तर?”

“तुझ्यासारखे चार जण नाही म्हणाले तर आकडा आणखी पडेल आणि आम्हाला अख्ख्या बंदराची वीज तोडावी लागेल. मग म्हातारा तसाही बंद, शेजाऱ्यांना सोबत घेऊन.”

तिने बंद केलं. तिच्या मागे तेवीस जणांनी केलं. आकडा हळूहळू वर आला आणि साहेबांनी चहा मागवला.  नियम कामाला आला होता आणि आत्याचा कारखाना माझ्या एका ‘हं’मुळे हातचा चालला होता.

संध्याकाळी सातला वारा माणसात आला, पवनचक्क्या फिरल्या, मशीन सुरू झाली. पहाटे पाचला बोटी धक्क्याला लागल्या तेव्हा लाद्या मधून पोकळ होत्या. बर्फ बाहेरून आत धरतो. वीस तास न मिळालेल्या लादीच्या पोटात पाणीच राहतं.

मी शिफ्ट संपवून पोहोचले तर बाबा डबे उचलायच्या क्रेनवर! ते फोल्डर घेऊन आले होते खरे, पण रस्त्यावर झाड पडल्याने क्रेनवाला अडकला होता, आणि आत्याने त्यांना बघताच सांगितलं होतं, “नुसता उभा राहून बघणार आहेस, की हात लावणार?” तरुणपणी त्यांनीच ती क्रेन चालवली होती. फोल्डर पावसात भिजत एका डब्यावर पडला होता.

“आत्या, ही लादी की माठ?” एक बोटवाला ओरडला.

“पाणी फुकट आहे, पिऊन टाक!”

पोकळ लाद्या उचलताना फुटत होत्या. फुटलेल्यांचा चुरा मिस्त्री फावड्याने भरून देत होता. पंधरा बोटी कुरकुरत गेल्या. सोळाव्या बोटीपर्यंत अकराच लाद्या उरल्या, आणि सोळावी बोट नेमकी किरकिऱ्याची. हा माणूस समुद्र खारट आहे अशीही तक्रार करतो. बाबांनी अकराच्या अकरा त्याच्या बोटीवर उतरवल्या, खाली आले आणि फोल्डर उचलला.

“काय रे, बर्फ मिळाला का तुला?”

 आत्या गमबुटांकडे बघत उभी राहिली. 

“अर्धा मिळाला,” किरकिऱ्या म्हणाला.

“अर्धा म्हणजे मिळाला, की नाही मिळाला? एक काय ते सांग.”

किरकिऱ्याने बाबांकडे बघितलं. कपडे चिंब, हात गारठून लाल. “तूच भरलास ना माझ्या बोटीत? मग मला काय विचारतोस? चार दिवसांऐवजी दोन दिवसांत परत येईन. आणि तेव्हा मला पूर्ण वीस लाद्या पाहिजेत, सांगून ठेवतो!”

इंजिन सुरू करून तो गेला.

बाबांनी फोल्डर एका उलट्या डब्यावर टाकला. मग त्यावरच बसून त्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि पिळले. आत्या पुढे झाली, त्यातला एक मोजा उचलला आणि खिशातून कात्री काढली.

“अगं, नवा आहे तो!”

“मग टिकेल.” तिने टोक कापलं आणि मिस्त्रीला शिडी आणायला पाठवलं. नंतर माझ्याकडे वळली. “आणि तू इकडे ये. बस. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात अजून काय काय आहे ते पहिल्या पानापासून सांग. जेवून आली आहेस ना?”