देव्हाऱ्यातली डिस्क

मला काळजी करायला कारण लागत नाही, आणि त्या दिवशी तर पिशवीत डिस्क होती. माहेरची दिवाळी आटोपून मी सुरतेला परत निघाले होते. मेहकरहून मलकापूरपर्यंत एसटीत पिशवी मांडीवरच धरली. प्रत्येक खड्ड्याला हात आत घालून चाचपायचं. डिस्क पोळ्यांच्या फडक्यात गुंडाळलेली होती. फडकं धुतलेलं होतं, तरी तेल लागलं असेल का, हे मनात येतच राहिलं.

तळहाताएवढ्या त्या डिस्कमध्ये माझ्या मोठ्या ताईचं लग्न होतं. तिच्या सासरच्या एका पाहुण्यांनी नाशिकहून छोटा कॅमेरा आणला होता, त्यात डिस्कच बसायची. संध्याकाळी त्यांनी कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर सगळ्यांना थोडंथोडं लग्न दाखवलं, डिस्क काढून मायच्या हातात दिली आणि कॅमेरा घेऊन गेले. मायनं ती देव्हाऱ्यात ठेवली. चमकती बाजू वर. आरशासारखी वस्तू पालथी कोण ठेवतं?

दर दसऱ्याला विळा, कात्री आणि शिलाई मशीनला हळदकुंकू लागायचं, तसं डिस्कलाही लागू लागलं. पुढे घरात प्लेअर आला. डिस्क घातली, तर तो नुसता घरघरला आणि त्यानं तिला बाहेर ढकललं. शेजारच्यांच्या प्लेअरनंही तेच केलं. मायच्या कुंकवानं लेकीचं लग्न खाल्लं, असं सगळे चिडवायचे. माय हसायची. पण त्यानंतर तिनं मशीनलाही कुंकू लावणं सोडलं. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती त्याच मशीनपाशी, आणि तिच्यावर शिकले म्हणूनच आज सुरतेत साड्यांना लेस लावून पोट भरते. तिचं चाक कोरडं बघितलं की मला कसंतरी व्हायचं.

आता ताईच्या मुलीचं लग्न ठरलंय. आमच्याकडे नवरदेवाची आई पंगतीला बसली की नवरीकडच्या बाया तिला गाण्यातून टोमणे मारतात. इहिणीचं गाणं म्हणतात त्याला. ताईच्या लग्नात मायनं ताईच्या सासूला असं गाणं म्हटलं होतं म्हणे, की सासूबाई गप्पच झाल्या. पण नातीच्या लग्नात म्हणायचं, तर माय दुसऱ्या ओळीपाशी अडते. पुढचं आठवत नाही. "त्या तबकडीत होतं," म्हणते, "म्याच मातीत घातलं."

म्हणून, कुठं वाचता येते का बघायला डिस्क मी मागून घेतली होती. मलकापुरात गाडीला वेळ होता. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका भाऊंच्या दुकानात गेले आणि त्यांना सगळं सांगितलं, न विचारलेलंही. त्यांनी मऊ ओल्या कापडानं डिस्क मधून कडेकडे पुसली. कुंकू गेलं, पण कॉम्प्युटर काही ती वाचेना. त्यांनी एवढंच विचारलं, की त्या दिवशी कॅमेऱ्यावर दिसलं होतं ना? मी हो म्हटलं.

"मंग कुंकवाचा दोष नाई, ताई. पोतं भरलं, पन तोंड शिवलंच नाई. शूटिंग झाल्यावर कॅमेऱ्यातच डिस्क बंद करा लागते, ते राहून गेलं. म्हनून प्लेअर तिले ओळखत नाई. माल आत हाय."

मी पुन्हा विचारलं, कुंकवानं नक्की नाही ना?

"लिहून देऊ का?" ते म्हणाले.

मग त्यांनी न शिवलेल्या पोत्यातून ओंजळी भराव्या तसं एका प्रोग्रामनं थोडं थोडं काढायला घेतलं. चहा आला, गार झाला. मंगलाष्टकांचे नुसते हिरवे चौकोन निघाले, जावईबापूंना अर्धंच तोंड होतं. पंगत मात्र सगळी आली. हातात वाढायचं पातेलं आणि माय गातेय:

इहीन आली नटून, पंगतीत बसली खेटून,
जिलबी मांगते रेटून, म्हन्ते पोट गेलं आटून.

आणि मग आमच्या घरात कोणी कधीच न सांगितलेली गोष्ट घडली. ताईच्या सासूनं पत्रावळीवरून मान वर केली आणि त्याच चालीत उत्तर दिलं:

इहिणीचं वरन पातळ, त्यात दिसलं मले पाताळ.

माय तोंडात पदर कोंबून हसत हसत खालीच बसली.

भाऊंनी ते फोनमध्ये टाकून दिलं. त्यांचे आभार कसे मानावे कळेना, म्हणून अर्धा डबा फराळ तिथंच काढून ठेवला. फलाटावरून मायला फोन लावला. आधी कुंकवाचं सांगितलं.

"खरं सांगून राह्यली का वं? का माह्या जिवाले बरं वाटावं म्हनून?"

मी भाऊंची पोत्याची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. मग गाणं ऐकवलं. मायनं स्वतःचं एकदा ऐकलं, इहिणीचं तीनदा.

"वरन पातळ नोतं," ती म्हणाली.

आता ताईची सासू नवरीची आजी, म्हणजे ह्या खेपेला दोघी एकाच बाजूला. रोज फोनवर तालीम चालते. आधी कोणाचं कडवं, यावरून भांडतात, आणि मिटवायला ताईला मधे पडावं लागतं. येणाऱ्या इहिणीची मला आत्तापासून दया येते.

परवा ताईनं माहेरून फोटो पाठवला. दसरा नाही, काही नाही, आणि मशीनच्या चाकावर हळदकुंकवाची बोटं. बघून डोळे भरून आले. मग मी फोटो मोठा करून बघितला, कुंकू तेल सोडायच्या भोकात तर गेलं नाही ना.