नवरदेवासाठी डबे

माझ्या वडिलांच्या बंदुकीचा परवाना रानडुकरांसाठी आहे. पवन मावळात डोंगराच्या कडेला आमची भाताची खाचरं आहेत. पीक तयार होत आलं की डुकरांचा कळप एका रात्रीत सगळं लोळवून जातो, म्हणून पीक संरक्षणासाठी आबांना ही एकनळी बाळगायला मिळाली. परवान्यावर नवरदेवांचा उल्लेख कुठेही नाही, पण आमच्या घरात हा फरक कुणी फारसा पाळला नव्हता. मुलीच्या लग्नाचं वऱ्हाड वेशीवरच्या मारुतीपाशी आलं रे आलं, की आबा देवळामागच्या कातळावर चढून हवेत दोन बार काढायचे. थोरल्या ताईच्या लग्नात काढले, मधलीच्याही काढले. मधलीच्या वेळी घोडा असा बिथरला की भाऊजी थेट निवडुंगाच्या कुंपणात. त्यावर आमच्याकडे दर दिवाळीला हसतात, भाऊजी सोडून सगळे.

मी धाकटी. माझे दोन बार राहिले होते.

मला बघायला चिंचवडहून माणसं आली. मुलगा मला आवडला होता, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचा जिवाचा आटापिटा कळायचा नाही. चहा आला आणि आबांना काय हुक्की आली कोण जाणे, त्यांनी पेटीतून बंदूक काढून पाहुण्यांना दाखवली. "धाकटीच्या लग्नाला बी दोन बार काढनार," म्हणाले. सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या गल्लीत कुणाच्या तरी वाढदिवसाला पोरांनी गावठी कट्ट्यातून हवेत गोळी झाडली होती. समोरच्या गॅलरीत त्यांची मैत्रीण कपडे वाळत घालत होती. गोळी तिच्या खांद्यात शिरली. बाई वाचली, पण तिचा उजवा हात आजही वर जात नाही.

"बार होणार असतील तर मी मारुतीपाशी उतरणारच नाही, भाऊ," सासूबाई म्हणाल्या. "वेगळी मुलगी बघू."

माझ्या होणाऱ्या नवऱ्याला तेवढ्यात वाद घालायची लहर आली. शहरात कायदा अजून कडक हवा, हत्यार सहजासहजी हाताशी नसेल तर निम्मी भांडणं शिव्यांवरच मिटतील, असं तो म्हणाला. आबा उसळले. "गुंडाच्या कट्ट्याला परवाना असतो व्हय? तुमचा कायदा आमच्यासारख्या सरळ मान्सालाच. आमी दर येळंला कागदं नाचवायची आन् ते खुशाल हिंडनार!"

खरं सांगू, मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांनाही उठून एकेक चापट द्यावीशी वाटत होती. माझं लग्न मोडायला निघालं होतं आणि हे दोघे शहरातली गुन्हेगारी सोडवत बसले होते.

पाहुणे गेले. संध्याकाळी भावकी जमली, तिच्यासमोर आबा बोलून बसले, "बार व्हनार म्हंजी व्हनार." झालं. आमच्याकडे चार माणसांत बोललेला शब्द मागे घेण्यापेक्षा जमीन विकणं सोपं. मी आबांशी बोलणं टाकलं. आई दोघांच्या ताटात मुकाट्याने भाकरी वाढत राहिली.

मग आठवड्याभराने आबा सकाळीच पोत्यात काहीतरी गुंडाळून वडगावला गेले आणि दुपारी रिकाम्या हाताने परतले. ओट्यावर टेकून मोठ्याने म्हणाले, "इलेक्शन आलंय. बंदूक ठान्यात जमा करून घेतली. निकाल लागंस्तवर न्हाई मिळत."

निवडणूक तोंडावर आली होती, हे खरंच होतं. आज आचारसंहिता लागते की उद्या, एवढंच सगळीकडे चाललं होतं, आणि त्या दिवसांत परवान्याची हत्यारं जमा करून घेतात हे गावात सगळ्यांना ठाऊक. भावकीने सरकारला यथेच्छ शिव्या घातल्या. आबांनी सगळ्यांत जास्त घातल्या. मी तोंड पाडून आत गेले आणि देवापुढे साखर ठेवली. निकाल लागायच्या आत लग्न उरकता येणार होतं. चिंचवडला निरोप गेला, तिकडून होकार आला. एवढा आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

लग्नाच्या सकाळी वऱ्हाडाने उर्से टोलनाका ओलांडल्याचा फोन आला. माणसं मारुतीकडे निघाली आणि मला मांडवाच्या दारातून आबा दिसले. नवा फेटा बांधलेला, हात मात्र कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. माझा सगळा राग तिथेच गेला. माझ्यासाठी काहीच वाजणार नाही, हे त्यांना लागलं होतं.

तेवढ्यात माझी चुलती पदर खोचून आली. तिच्या हातात तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा होता. आमच्या खाचरांवर राखण म्हणजे खरं तर हे डबेच. बंदूक वर्षातून चारदा निघायची, डबा रोज वाजायचा.

"भावजी, डुकरं काय नुस्ती बारानंच पळत्यात व्हय?" ती म्हणाली.

आबांनी डब्यावर एक थाप मारली आणि अशी काही आरोळी ठोकली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. घराघरांतून डबे निघाले. पराती, घमेली, जे हाताला लागेल ते निघालं. वऱ्हाडाची बस मारुतीपाशी थांबली तेव्हा कातळावर निदान तीसेक बाया-माणसं डबे बडवत होती आणि मधोमध आबा, फेटा सुटलेला, घाम निथळतोय. तो आवाज मला मांडवात ऐकू आला. मी मुंडावळ्या सावरत हसत होते आणि डोळ्यांतलं काजळ गालावर आलं होतं.

पुढचं नवऱ्याकडून कळलं. त्याने विचारलं, "हे कसले डबे?" निवडुंगवाले भाऊजी शेजारीच होते. इतक्या वर्षांनी आलेली संधी ते कशाला सोडतात? "रानडुकरं हाकायचे," ते म्हणाले. बसच्या दारात सासूबाई कानांवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं, हात खाली घेतले आणि हसायलाच लागल्या. मग चुलतीकडून एक डबा मागून घेतला आणि स्वतःच्या मुलाच्या कानाशी दणादण वाजवला. तेव्हापासून आमच्या गावात प्रत्येक लग्नाला डबेच वाजतात.

माझा नवरा तेव्हापासून प्रत्येक वादात आमचंच लग्न पुढे करतो. "बघा आबा, कायद्याने बंदूक काढून घेतली आणि सगळं सुखरूप झालं. हेच शहरात करायचंय." आबा कुरकुरतात, तंबाखू मळतात, पण कधी खोडून काढत नाहीत. मला याचं नवल वाटायचं, कारण आबा वाद सोडणाऱ्यांतले नव्हेत.

यंदा परवान्याच्या नूतनीकरणाचे कागद भरायला मी माहेरी बसले होते. पेटीत दोन चिठोऱ्या एकात एक घडी घातलेल्या सापडल्या. एक ठाण्याची नोटीस, निवडणुकीसाठी हत्यार जमा करा म्हणून आलेली. दुसरी बंदूक जमा केल्याची पावती. मी तारखा दोनदा वाचल्या. पावती नोटिशीच्या अकरा दिवस आधीची होती.

"आबा, तुम्हाला कुणी सांगायच्या आधीच तुम्ही बंदूक देऊन आलात?"

आबांनी बाहेर खाचरांकडे बघितलं. "चा पिताना ईहीनबाईंच्या हातातली कपबशी वाजत हुती," ते म्हणाले. "तू पाह्यलं न्हाईस. म्या पाह्यलं."

"मग तसं सांगायचं ना भावकीला."

"आन् तोंड कुटं दावायचं? सरकारचं नाव घेतलं, मिटलं."

आठ दिवस मी ज्या माणसाशी अबोला धरला होता, तो माझ्यासाठी पोत्यात आपला शब्द गुंडाळून वडगावला गेला होता. मी त्यांचा हात धरला. डबा बडवून बडवून तळव्याला पडलेला घट्टा अजून तसाच आहे.

"जावायाला सांगू नगंस," आबा म्हणाले. "त्याला वाटतंय तो जितला. जितू दे."

मी पावती पुन्हा नोटिशीच्या घडीत घातली आणि पेटी लावली. त्या रविवारीही जेवताना नवऱ्याने आमच्या लग्नाचं उदाहरण दिलं, आबा कुरकुरले, आणि मी दोघांनाही आणखी आमटी वाढली.