नजमाचं शिफारसपत्र

फोन आला तेव्हा मी शेंगदाण्याची चटणी कुटत होते. महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे नजमाचा वार. दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी ती इंदापूरहून एसटीने माझ्याकडे बारामतीला यायची, आणि आल्या आल्या तिला माझ्या हातची चटणी लागायची. फोनवर तिची लेक रुबीना होती. "मावशी, अम्मी गेली... सकाळी उठवायला गेले तर..." मी बत्ता खाली ठेवला. यापुढचं लिहावं की नाही, यात माझे काही आठवडे गेलेत. पण लिहिते. डोळ्यांत पाणी यायच्या आधी, अगदी आधी, छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. आता ते कुणालाच कळणार नाही, असं वाटलं मला. उभ्या जन्माची मैत्रीण गेली, आणि माझ्या मनाने पहिला श्वास सोडला तो सुटकेचा.

आमची ओळख इंदापूरच्या शाळेतली. नजमा जीवशास्त्र शिकवायची आणि मी तिथे पर्यवेक्षिका होते, म्हणजे दुसऱ्यांच्या वर्गाबाहेर कान लावून उभं राहण्याचा मला पगार मिळायचा. कडक इस्त्रीची सुती साडी, हातात वही, आणि चेहरा असा की जणू शाळेचं छप्पर माझ्याच डोक्यावर टेकलंय. एकदा लक्षात आलं की, नजमाबाई तीन दिवस मेंदूचाच धडा शिकवताहेत. बोलावून घेतलं. वर्गात ती पुस्तकी मराठी बोलायची, पण माझ्याशी कायम तिच्या पळसदेवच्या माहेरची बोली. "बाई, एका पोरीनं इचारलं, आठवण डोक्यात नेमकी कुठं ठिवलेली असती? मला सांगता आलं न्हाय. तवा आमी समदी मिळून शोधतोय."

"परीक्षेत येणार आहे का?"

"न्हाय."

"मग शोधू नका." आणि वहीत शेरा मारला. काय तो शेरा, काय ती वळणदार सही! आज तो कागद सापडला तर चटणीबरोबर खाऊन टाकीन.

पण ते शोधणं तिने सोडलं नव्हतं, हे कळायला आम्हा दोघींना निवृत्त व्हावं लागलं. तिच्या आईला, आम्ही सगळे ज्यांना अम्मा म्हणायचो, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. पाणी हवं असलं तरी 'पाणी' म्हणता येईना. भांड्याकडे बोट दाखवून रडायच्या. आणि एक दिवस नजमा पळसदेवला अंगणात पातेली घासत असताना आतून गाणं ऐकू आलं. अम्मा गात होत्या. पोरांना निजवताना म्हणायच्या ते, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, एकही अक्षर न सांडता. नजमा राखेच्या हाताने आत धावली. "अम्मा, पाणी म्हन. पाणी!" अम्मांच्या तोंडून नुसता घोगरा आवाज. "बाई," ती मला म्हणाली, "त्याच तोंडातनं गानं येतंय अन् पाणी येत न्हाय. आसं कसं? डाक्टर म्हनले, होतं आसं. होतं ते मलाबी दिसतंय की. का होतं?"

या 'का'साठी तिने परदेशातल्या एका विद्यापीठाचा अर्ज भरायला घेतला. न्यूरोसायन्समधली मास्टर्स, सगळी ऑनलाइन. पासष्टीला टेकलेली बाई! पदवीची जुनी गुणपत्रिका काढायला तिने कॉलेजच्या चकरा मारल्या. तीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, म्हणून प्रतिज्ञापत्र केलं. इंग्रजीची परीक्षा पुण्याला जाऊन दिली. मी तिची यथेच्छ टिंगल करत होते. "वर्गात डबा खायचा नाही हं नजमा," वगैरे. ती हसायची. आता दोन शिफारसपत्रं तेवढी राहिली होती. एक अम्मांच्या डॉक्टरांनी लगेच दिलं. दुसरं मागायला ती माझ्याकडे आली. "तुमीच द्या बाई. तुमी माझा वर्ग बाहेर उभं राहून जेवढा ऐकलाय, तेवढा कुणीबी ऐकला न्हाय."

विद्यापीठाकडून मला मेल आला. लिंक उघडली. चौकोनच चौकोन: अर्जदाराची जिज्ञासा, चिकाटी, स्वतंत्र विचार... प्रत्येकापुढे सामान्य, चांगली, उत्कृष्ट, असामान्य. माझा हात 'असामान्य'वर गेला आणि तिथेच थांबला. मला एम.ए. करायचं होतं. कुणी अडवलं नव्हतं. हे लिहिताना बोट जड होतंय, कारण आमच्या घरात सगळ्यांना, नातवंडांनासुद्धा, पाठ आहे की आजीला सासरच्यांनी शिकू दिलं नाही. बिचाऱ्या सासूबाई! त्यांनी तर अर्जाचे पैसे पदराच्या गाठीतून काढून दिले होते. आळस माझा, भीती माझी, आणि नाव त्यांचं. आणि ही नजमा, जिच्या वहीवर मी शेरे मारले, ती माझ्यासमोर 'असामान्य' होणार, आणि तेही माझ्याच बोटाने? उद्या करू, म्हणून मी लॅपटॉप मिटला. उद्याही मिटला.

तिचा फोन आला. "बाई, मेल आला का?"

"छे गं. काहीच नाही."

तिने त्यांना कळवून पुन्हा पाठवायला लावला. पुन्हा आला. पुन्हा मी म्हणाले, "नाही बाई, आमच्याकडे नेटच नीट नाही." आमच्याकडे तेव्हा नातवंडं दिवसभर व्हिडिओ बघत होती. मुदत टळली. अर्ज अपूर्ण म्हणून बाद झाला आणि पुढचा प्रवेश वर्षाने. "जाऊंद्या बाई," तीच माझी समजूत काढत म्हणाली, "मशिनीचं काय खरं हाय?"

पुढच्या वर्षी तिने दुसरं पत्र एका निवृत्त प्राचार्यांकडून घेतलं आणि प्रवेश मिळाला. तेव्हापासून तिचे शनिवार सुरू झाले. शिकलेलं मला समजावून सांगितलं की तिला पक्कं व्हायचं. मेंदूला घड्या का, हे तिने माझं नऊवारी लुगडं एका लहानशा डब्यात कोंबून दाखवलं. ऑनलाइन परीक्षेची गंमत तर ती नकलेसकट सांगायची. खोलीत दुसरं कुणी नाही हे कॅमेऱ्यातून दाखवायचं, म्हणून लॅपटॉप उचलून पलंगाखालून फिरवला, तर तिथे लोणच्याच्या बरण्या! पलीकडचा गोरा विचारतो, हे काय आहे? "मी म्हनलं, सर, मँगो. व्हेरी ओल्ड. त्यो घाबरलाच." आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसताना मी तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हते.

पहिल्या वर्षाच्या शेवटी अम्मा गेल्या. दुसऱ्या वर्षी नजमाचा भाषेचा विषय सुरू झाला, आणि एका शनिवारी ती आली ती चटणीकडे न बघताच बसली आणि सांगू लागली. बोलण्याचं काम बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे चालतं, अम्मांचं तेच दुखावलं होतं. सुराला मात्र उजवीकडूनही वाट असते. अशा माणसाचा डावा हात हातात घ्यायचा, एकेका अक्षराला हलकी थाप द्यायची आणि शब्द सुरात म्हणायचा. रोज, न कंटाळता. काहींना त्यातून हळूहळू बोलता येतं. "सगळ्यांना येतंच आसं न्हाय," ती म्हणाली. "एक वरीस आधी कळलं आसतं, तर करून बघितलं आसतं वो मी. निदान पाणी तरी..."

मी चहा टाकायला उठले. एक वर्ष. ते माझ्या लॅपटॉपमध्ये मिटून पडलेलं होतं.

ती पास झाली. मी "आता काय, मेंदूचा दवाखाना काढणार?" म्हणाले, तर तिने खरंच घराच्या ओट्यावर काढला, फुकट. लोणी देवकरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, झटक्यात वाचा गेलेले एक ड्रायव्हर यायचे. सहा महिने हातावर थापा देऊन त्यांच्या तोंडून बायकोचं नाव निघालं, 'मंगल'. त्या बाई पदरात तोंड घालून म्हणाल्या, "तीस वर्सांत कधी नावानं हाक मारली न्हाय, अन् आता बघा." हे सांगताना नजमाचा चेहरा... तो चेहरा कुठल्या चौकोनात बसवायचा?

तिच्या शेवटच्या शनिवारी रुबीनाचा कसलासा अर्ज आमच्या लॅपटॉपवर भरायचा होता. भरता भरता ती सहज म्हणाली, "ह्या साइटवरबी समदं दिसतं बाई. मेल गेला का, कुणी उघडला, कुठल्या दिवशी उघडला." माझे कान तापले. तिने मान वर केली नाही. अर्ज पाठवला, चष्मा काढून ठेवला आणि माझा डावा हात हातात घेतला. "जे बोलून येत न्हाय ना, ते सुरात निगतं. बघा करून. म्हना, तुमाला काय म्हनायचं ते." आणि माझ्या हातावर थाप देऊन थांबली. ती वाट बघत होती. मला आज पक्कं कळतं, ती वाट बघत होती. आणि मी, आयुष्यभराची वात्रट, दोन सुरांत गायले, "च-हा." ती हसली. "टाका मग," म्हणाली.

रुबीनाला मी सगळं सांगितलंय. ती म्हणाली, "अम्मी तरीबी येत होती की तुमच्याकडं." यात माफी होती की बोल, ते मी विचारलं नाही. विचारायचा मला हक्कही नाही.

काल चौथा शनिवार होता. मी तो जुना मेल शोधून काढला, लिंक दाबली. मुदत संपली आहे, एवढंच आलं. मग चटणी केली, तिला लागायचं तसं मीठ बेताचं घातलं, आणि तिच्या खुर्चीसमोर बसले. डावा हात मांडीवर ठेवला, उजव्याने थाप दिली. पहिल्यांदा आवाज फुटेना. दुसऱ्यांदा थाप दिली... आणि निघालं. बेसूर, पण निघालं. 'मे-ल आ-ला हो-ता, न-ज-मा.'

आतून नात ओरडली, "आजी, कुणाशी गातेयस?"