दंड भरून मोकळे

"मॅडम, मी कुणाला हात लावला न्हाई. मंग मी कबूल कशी झाले?"

मीना माझ्या वकिलीच्या ऑफिसात बसून पुन्हा पुन्हा हेच विचारत होती. शेजारी तिचे काका, मान खाली घालून. दोघं टेंभुर्णीहून एसटीनं जालन्याला आलेले. मीनाची स्टाफ नर्स म्हणून निवड झाली होती. पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये निघालं, की कोर्टानं तिला दोषी ठरवलंय. झालं, नेमणूक अडकली.

भांडण बांधाचं. आमच्याकडे बांधावर दोघं भांडले तरी फिर्यादीत अख्ख्या घराची नावं जातात. मीना तेव्हा कॉलेजात होती, तरी तिचंही गेलं. पुढे दोन्ही घरं परत बोलायला लागली, केस मात्र सुरूच. मग मीनाच्या घरच्यांच्या वकिलांनी सुचवलं, कबूल म्हणा, किरकोळ दंड होईल, मोकळे व्हा. कोर्टानं विचारलं, काका "कबूल हाय" म्हणाले, बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"तू कशाला मान हलवलीस गं?"

"काका बोलून राह्यले म्हणल्यावर मी मधी कशी बोलू?"

मी कपाळाला हात लावला.

केस संपवायचे दोन रस्ते असतात. कबुली दिली, की दंड भरून घरी जाता येतं, पण रेकॉर्डवर तुम्ही दोषी. आणि शिवीगाळ, साधी मारहाण असल्या गुन्ह्यात फिर्यादीनं कोर्टात येऊन तडजोड केली, तर तुम्ही निर्दोष. हा फरक वकिलानं सांगायचा असतो. शिवाय कबुलीनंतर दोषी ठरवल्याविरुद्ध अपील होत नाही. उरतं रिव्हिजन, म्हणजे खालच्या कोर्टाचं काही चुकलं का, हे सेशन्स कोर्टानं तपासायचं. त्यात मला लिहावं लागणार होतं, की आधीच्या वकिलांनी नीट सल्ला दिला नाही.

ते वकील म्हणजे आमच्या बारमधले, वकील संघातले, सगळ्यात ज्येष्ठ भाऊसाहेब. मी आधी त्यांनाच भेटले.

"अहो, एका दिवसात मोकळं केलं त्यांना! आणि तुम्ही माझ्याविरुद्ध लिहिणार?"

"लिहिणार. पोरीची नोकरी चालली, भाऊसाहेब."

"मग बार रूममध्ये कुणी चहासुद्धा विचारणार नाही तुम्हाला."

"मी घरून थर्मास आणते."

मीनाच्या घरातल्या सगळ्यांतर्फे मी रिव्हिजन दाखल केलं. सुनावणीला जज साहेबांनी सुरुवातीलाच मला धरलं. "मॅडम, दंड भरताना वकील चांगले होते. नोकरी अडल्यावर वाईट झाले?"

प्रश्न बरोबर होता. हरलेला प्रत्येक जण वकिलावरच ढकलतो. मी म्हटलं, "सर, या मुलीला स्वतंत्रपणे कुणी विचारलंच नाही. आणि तडजोड करता येते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं."

"पण फिर्यादी तेव्हा तडजोडीला तयार होता कशावरून?"

हे मी विचारलंच नव्हतं. फिर्यादी दगडूबाला मी फक्त आताच्या तडजोडीवर सही करायला आणलं होतं. तो मागून उठला.

"साहेब, मी त्या दिशी बी कोर्टात आल्तो."

"कशाला?"

"मिटवायला. आमी समदे एकाच टेम्पोत आल्तो. टेम्पो माझाच हाय. वकीलसाहेब म्हणले, तुमची गरज न्हाई, भाईर बसा. मंग लिंबाखाली बसल्तो."

कोर्टात हशा पिकला. मला मात्र संताप आला. ज्याच्या एका सहीनं पोरगी निर्दोष सुटली असती, तो माणूस तेव्हा दाराबाहेर होता!

भाऊसाहेब पुढच्या बाकावर होते. हळूच उठले. "खरं आहे, सर. त्या दिवशी खूप केसेस होत्या. घाईत राहून गेलं." एवढं बोलून बसले. मला त्यांचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

कबुली रद्द झाली, तडजोड मान्य झाली, सगळे निर्दोष सुटले. मीना तिथंच काकांच्या गळ्यात पडून रडली. आता ती परतूरकडच्या एका आरोग्य केंद्रात नोकरी करते. त्या दिवशी घरी जाताना सगळे पुन्हा दगडूबाच्याच टेम्पोत बसले.

तेव्हापासून कुणी "कबूल म्हणून मोकळं व्हायचंय" म्हणालं, की मी आधी विचारते, फिर्यादी कुठे बसलाय? भाऊसाहेबही हल्ली विचारतात, असं ऐकते. चहा मात्र अजून विचारत नाहीत. थर्मास चालू आहे.